जुन्या घराचा साज : वस्तू, कारागीर आणि आजची हौस

आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे गेल्या दोन-तीन पिढ्यांत गावाकडील वाडे व चौसोपी घरे सोडून शहरातील सदनिकांत राहावयास आली. ह्या स्थलांतराने आपली राहणी पालटली, आणि ती पालटली ह्यात वावगे असे काही घडले नाही. अलीकडे मात्र एक निराळाच प्रकार दृष्टीस पडू लागला आहे. ज्या घरांतून पितळेचे हंडे, शिसवी पेट्या, समया आणि जाती एके काळी अडगळ म्हणून बाहेर गेली, त्याच घरांतील नातवंडे आज त्या वस्तू चढ्या भावाने विकत आणून दिवाणखान्यात मांडू लागली आहेत. वाड्याच्या दाराच्या फळीवर काच बसवून तिचे मेज करतात. पाणी तापविण्याच्या बंबात झाड लावतात. कंदिलात विजेचा दिवा बसवितात. ह्या थाटास ‘रस्टिक’ असे इंग्रजी नाव पडले असून घर सजविणाऱ्या व्यावसायिकांच्या तोंडी ते नित्य ऐकू येते.

ह्या हौसेची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पूर्वजांच्या वस्तूंकडे पाठ फिरविण्यापेक्षा त्या डोळ्यांसमोर ठेवणे केव्हाही बरे. तथापि ह्या वस्तू आपल्या मूळ घरी असताना सुंदर का दिसत, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर असे आहे की, जुन्या घराची शोभा वरून चढविलेली नसे. सुतार, गवंडी, कुंभार, तांबट, पाथरवट यांच्या हातांतून आणि घरातील स्त्रियांच्या रोजच्या कष्टांतून ती आपोआप उमटत असे. काम संपले की शोभेचा अर्थही विरू लागतो, आणि मग उरतो तो केवळ देखावा. म्हणून जुन्या साजाची हौस ज्यांस आहे, त्यांनी त्यामागील इतिहासही जाणून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

लाकूड, माती आणि दगड

महाराष्ट्रातील जुने घर प्रथम हवामानाने घडविले आणि मागाहून ऐपतीने सजविले. देशावर पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच हात रुंदीच्या भिंती घालीत. उन्हाळ्यात त्या उष्णता आत येऊ देत नसत आणि थंडीत ऊब राखीत. मराठवाडा व सोलापूर या भागांत पाऊस बेताचा, म्हणून तेथे मातीचे सपाट माळवद चाले. कोकणात धो धो पाऊस, म्हणून तेथे जांभ्या चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि पुढे पडवी. गोव्यात काच दुर्मिळ व महाग होती त्या काळी खिडक्यांच्या चौकटींत शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवीत. त्यांतून ऊन गाळून मंद उजेड आत येई. आज ज्यास आपण जुन्या घराची ‘शैली’ म्हणतो, ती अशी ठिकठिकाणच्या पावसाने व उन्हाने ठरविलेली होती.

देशावरील वाड्याची रचना आपल्यातील वडीलधाऱ्यांस परिचित आहे. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, भोवती ओसरी व सोपे, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठार, वर माडी आणि मागे परस. घराचे वजन भिंतींवर नसून बहुतांशी लाकडी खांब व तुळया यांवर असे. खांब थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा करीत, कारण जमिनीतील ओल व वाळवी यांपासून लाकूड दूर राहावे. सागवानात मुळातच तेलाचा अंश असल्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. म्हणून ज्यास परवडे तो सागच वापरी. खांबाच्या माथ्यावर तुळईचा भार पसरण्यासाठी लाकडी हस्त बसवीत. हे झाले गरजेचे काम. पण सुताराचा हात एवढ्यावर थांबत नसे. तो हस्ताला केळफुलाचा आकार देई, खांबाला सुरूच्या झाडाचा डौल देई, दोन खांबांमध्ये महिरप बसवी आणि दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी कोरी. पुण्यात १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेल्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागात हे सुरूचे खांब व कोरीव काम आजही पाहावयास मिळते. १७३० साली पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले मात्र १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. तटबंदी व दगडी जोती तेवढी राहिली. लाकडातील कलेचे आयुष्य किती नाजूक असते, याचा तो मोठाच दाखला होय.

भिंतीतील कोनाडा ही आज शोभेची वस्तू मानली जाते. मूळचा विचार साधा होता. भिंत रुंद असल्यामुळे तिच्या पोटात जागा काढता येई आणि तेथे ठेवलेला दिवा वाऱ्याने विझत नसे. खुंटी, फडताळ, शिंके यांचेही तसेच. शिंके आढ्याला टांगलेले असल्यामुळे दूध-दही मांजरापासून व मुंग्यांपासून सुरक्षित राही. दिवाणखान्यात गादी, लोड, तक्के व जाजम यांपलीकडे सामान नसे. त्यामुळे सकाळी जेथे हिशेब लिहिले जात, तेथेच दुपारी पंक्ती बसत आणि रात्री अंथरुणे पडत. जुन्या घराचे खरे सौंदर्य ह्या मोकळेपणात होते, असे आम्हांस वाटते. आज जुन्या वस्तूंनी खचाखच भरलेली जी दालने दिसतात, त्यांच्याइतके जुन्या घराहून वेगळे दुसरे काही नसेल.

तांबे, पितळ आणि कल्हई

स्वयंपाकघरात शिरल्यावर दृष्टीस पडे ती उतरंड; मोठ्या मडक्यावर त्याहून लहान, अशी चळत. तिच्या शेजारी हंडे, कळशा, तपेली, पराती. न्हाणीघरात घंगाळ आणि तांब्याचा बंब. बंबाची योजना मोठी हुशारीची आहे. मध्यभागी विस्तवाची उभी नळी असते आणि तिच्याभोवती पाणी. त्यामुळे विस्तवाची धग चोहोंकडून पाण्यासच मिळते आणि थोड्या जळणात सगळ्यांच्या अंघोळी होतात. ज्यास आज कुंडीचे काम मिळाले आहे, तो बंब असा एका लहानशा यंत्रशाळेचा नमुना आहे.

ही भांडी घडविणाऱ्या तांबटांची आळी पुण्याच्या कसबा पेठेत असून तेथे आजही ठोक्यांचा नाद ऐकू येतो. भांड्याचा आकार साधल्यावर तांबट त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके शेजारी-शेजारी देत जातो. ह्यास मठारकाम म्हणतात. ह्या ठोक्यांनी भांड्यावर चंद्रकोरींसारखी चमक उठते, म्हणून लोकांस ती नक्षी वाटते. परंतु मूळ हेतू निराळा आहे. तांबे मऊ असते. ठोके बसले म्हणजे त्याचा कण न् कण घट्ट होऊन पत्रा कडक बनतो आणि भांडे सहज पोचत नाही. येथेही उपयोग पुढे आणि शोभा मागून आली. यंत्राने ठसे उठविलेला पत्रा दुरून तसाच दिसतो खरा, पण हाताच्या ठोक्यांतील जिवंतपणा त्यात उतरत नाही.

पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार वा लोणचे ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आजींस रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. आंबट पदार्थातील आम्ल तांब्यावर काम करते आणि हिरवट विषारी क्षार अन्नात उतरतो. त्यावर उपाय कल्हईचा. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, नवसागराच्या साहाय्याने आतील मळ काढी आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने तो सर्वत्र पसरवी. कथील २३२ अंशांस वितळते, त्यामुळे साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होई. पांढरा धूर उठे, भांडे चांदीसारखे लखलखे, आणि आळीतील पोरे भोवती गोळा होत. कल्हई झिजली की पुन्हा कल्हईवाला. तात्पर्य, जुन्या घरातील एकही वस्तू एकदाच विकत घेऊन संपत नसे. जात्याला टाकी लावावी लागे, छपराची कौले दर पावसाळ्यापूर्वी परतावी लागत, जमीन दर चार-आठ दिवसांनी सारवावी लागे. वस्तू आणि कारागीर यांचे नाते असे वर्षानुवर्षे चालू राही. आज वस्तू परत आली, परंतु कल्हईवाला आळीत येईनासा झाला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

नवे तेच पुढे जुने होते

जुने घर म्हणजे कधीही न पालटलेले घर, अशी एक समजूत आहे. ती इतिहासास धरून नाही. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि त्या सपाट कौलांनी हळूहळू कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा घेतली. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतींची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवरही लागली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पाठोपाठ पुण्यात पसरला. तेव्हा अंधाऱ्या खोल्या, कोंदट माजघरे आणि उंदरांनी पोखरलेली धान्याची कोठारे यांवर सर्वांचे लक्ष गेले, आणि घरात उजेड व वारा हवा हा विचार बळावला. १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला; कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खेडोपाडी पोहोचला तो त्याच कारखान्यातून. १९२२ साली भारत टाइल्सचा कारखाना निघाला आणि विलायती फरशांच्या तोडीची नक्षीदार सिमेंटची फरशी देशातच होऊ लागली.

ह्यातील प्रत्येक वस्तू आली तेव्हा नवीन होती. मंगळुरी कौले आली तेव्हा कुंभारांस ती खचितच गोड वाटली नसतील. प्रभाकर कंदील हा स्वदेशी उद्योगाच्या उमेदीचा मानबिंदू होता. आज मात्र मंगळुरी कौले, रविवर्म्याचे चित्र, नक्षीची फरशी आणि प्रभाकर कंदील ही सर्व एका पंक्तीस बसून ‘जुनी’ ठरली आहेत. म्हणजे जुने हे काही एका काळाचे नाव नव्हे. ज्या वस्तूंचा उपयोग संपला परंतु ज्यांची आठवण संपली नाही, त्यांस आपण जुने म्हणतो. हे ध्यानात घेतल्यास अमुक वस्तू पेशवाईतील की विसाव्या शतकातील, याचा नीट विचार करण्याची सवय लागेल. निरनिराळ्या तीन शतकांतील वस्तू एका भिंतीवर टांगून त्यास ‘पेशवाई थाट’ म्हणण्याचा प्रमाद मग घडणार नाही.

वाडे का गेले

वाडे केवळ हौस फिरल्यामुळे गेले नाहीत. त्यामागे कायदा, निसर्ग व कुटुंबव्यवस्था यांतील मोठी स्थित्यंतरे होती. एकत्र कुटुंबे विभागली तसे वाड्यांचे सोपे व खोल्या बिऱ्हाडकरूंस दिल्या गेल्या. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ होती तेथेच रोखली. हा कायदा गरीब भाडेकरूस आधार म्हणून आला, आणि तो आधार खराच होता; परंतु मिळणाऱ्या भाड्यात कौले परतण्याचाही खर्च निघेना. तुळया वाकल्या, माती ढासळली. पुढे १९९९ साली महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा झाला, तोवर अनेक वाडे दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते.

त्याआधीच, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटून पुण्यात महापूर आला होता. मुठेकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्याने विरघळल्या आणि कित्येक वाडे एका दिवसात भुईसपाट झाले. माणसांचे जीव गेले, संसार गेले. त्यापुढे खांब-महिरपींची हानी ती काय सांगावी! परंतु पुण्याच्या जुन्या वस्तीचे रूप त्या दिवसापासून पालटू लागले, हे नाकारता येत नाही. त्याच सुमारास घराघरांत पोलादाची न कळकणारी भांडी येऊ लागली. कल्हईचा खर्च वाचला, घासण्याचे कष्ट वाचले. तांबे-पितळेची पिढीजात भांडी मोडीत गेली आणि वजनावर विकली गेली. ज्या स्त्रियांनी ती विकली त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. चिंच व राख घेऊन रोज ती भांडी उजळणारे हात त्यांचेच होते.

वस्तू जपणारा एक माणूस

अशा काळात ह्या टाकाऊ ठरलेल्या वस्तूंकडे निराळ्या नजरेने पाहणारा एक गृहस्थ पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहीत. ऐतिहासिक काव्याच्या ओढीने ते जुन्या घराण्यांच्या शोधात फिरू लागले आणि शस्त्रांपाठोपाठ त्यांची दृष्टी नित्याच्या वस्तूंवर गेली. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दौती, फण्या, वज्री, कोरीव दरवाजे, खेळणी, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी अशा वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांस ह्या कामी मोलाची साथ लाभली. आपल्या अकाली निवर्तलेल्या राजा नावाच्या पुत्राच्या स्मरणार्थ त्यांनी ह्या संग्रहास त्याचे नाव दिले. १९६२ साली संग्रहालय सुरू झाले. १९७५ साली केळकरांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तेथे सुमारे वीस हजार वस्तू आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही तेथे आणून पुन्हा उभे केले आहेत.

केळकरांच्या संग्रहाची थोरवी संख्येत नाही. राजाची तलवार कोणीही जपतो. गृहिणीचा अडकित्ता आणि मोलकरणीची वज्री जपण्याजोगी आहे असे म्हणावयास वेगळे मन लागते. साध्या वस्तू घडविणाऱ्या अनाम कारागिरास त्यांनी कलावंतांच्या पंक्तीस बसविले. अशीच दृष्टी जपानात यानागी सोएत्सु यांची होती. त्यांनी लोककलेच्या वस्तूंसाठी १९३६ साली टोकियो येथे संग्रहालय उघडले. गोव्यात बाणावली येथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ साली उघडलेले ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय त्याच वाटेवरचे. त्याच्या इमारतीसच जुन्या घरांतून निघालेली लाकडे व दारे-खिडक्या वापरलेली आहेत.

देखावा आणि जाण

साध्या राहणीची हौस श्रीमंतांस वाटावी, हे काही आपल्याकडेच घडलेले नाही. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ पासून व्हर्साय येथे स्वतःसाठी एक खेडे बांधवून घेतले. तेथील झोपड्यांच्या भिंतींना मुद्दाम भेगा पडल्यासारखे रंग दिले होते; आत मात्र राजवाड्यास शोभेलसा थाट. खऱ्या खेड्यांतील भिंतींना भेगा पाडण्यासाठी रंगाऱ्याची गरज नव्हती! सहा वर्षांतच फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली.

इंग्लंडात विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याने दुसरा मार्ग धरला. कारखान्यांतील स्वस्त व बेढब सामानाने त्याचे मन विटले. १८५९ साली वास्तुकार फिलिप वेब याच्याकडून त्याने लाल विटांचे साधे घर बांधविले, त्यासाठी मित्रांसह सामान घडविले, आणि १८६१ साली अशा सामानाची पेढी काढली. विणकाम, रंगकाम तो स्वतः शिकला. कारागिराच्या आनंदावाचून वस्तूत सौंदर्य येत नाही, असे त्याचे मत होते. १८७७ साली त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली. त्याच्या मालाची किंमत मात्र सामान्यांस परवडेना, आणि सर्वांसाठी आरंभिलेली कला धनिकांच्या दालनांत जाऊन बसली, ही खंत त्यास अखेरपर्यंत राहिली.

आपल्याकडील आजची हौस ह्या दोन वाटांच्या तिठ्यावर उभी आहे. वाईजवळ मेणवली येथील नाना फडणिसांचा वाडा २००४ सालच्या ‘स्वदेस’ ह्या चित्रपटामुळे नव्या पिढीस ठाऊक झाला, आणि मग वाड्याच्या धर्तीची उपाहारगृहे व विश्रामगृहे निघू लागली. जुनी दारे व खांब यांस भाव आला. पण भाव येण्यात एक धोकाही असतो. तुळई सुट्टी विकून पैसे येतात असे दिसले की, दुरुस्त होऊ शकणारा वाडाही उतरविण्याचा मोह होतो. एका घराची शोभा वाढविण्यासाठी दुसरे घर नाहीसे होते. हा सौदा किती मोलाचा, याचा विचार घेणाऱ्याने व विकणाऱ्याने दोघांनीही करावा.

ज्याची आठवण ठेवावयाची तेही

जुन्या घराचे गोडवे गाताना त्यातील अंधार विसरून चालणार नाही. चुलीच्या धुराने स्त्रियांचे डोळे जात. पहाटे तीन-चारला उठून जात्यावर बसणे हा त्यांचा छंद नव्हता. दिवसाच्या भाकरीची ती किंमत होती. त्या जात्यावर त्यांनी गाइलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉयट्वाँ यांच्या प्रयत्नाने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संकलित झाल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. दिवाणखान्यातील जाते मुके आहे. त्याचा आवाज त्या ओव्यांत आहे.

आणखी एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या अंकात तरी स्पष्ट लिहिली पाहिजे. जुन्या वाड्याच्या देवडीत कोणी थांबावयाचे, ओसरीपर्यंत कोणी यावयाचे आणि विहिरीस हात कोणी लावावयाचा नाही, हे जातीवरून ठरलेले असे. ज्यांनी ते खांब कोरले व त्या भिंती लिंपल्या, त्यांतील कित्येकांस काम संपल्यावर त्या घरात प्रवेश नसे. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला. ते घर आज स्मारक म्हणून जपले आहे. तेथे फार मोठे कोरीव काम नाही. परंतु जुन्या घराची याहून थोर शोभा दुसऱ्या कोणत्याही वाड्यात आम्हांस दिसत नाही. आपण जुना दरवाजा भिंतीस लावाल, तेव्हा तो कोणाकोणासाठी बंद होता हेही मुलांस सांगावे, आणि आपला स्वतःचा दरवाजा उघडा ठेवावा.

काय करता येईल

आता थोडे व्यवहाराचे. जुन्या साजाची आवड असणाऱ्यांनी घर वस्तूंनी भरू नये, मोकळेपणा राखावा. चार वस्तू मांडण्यापेक्षा एक वस्तू वापरात ठेवावी. समईत विजेचा दिवा न लावता सणावारी तेलवात करावी. तांब्याच्या कळशीत पिण्याचे पाणी भरावे. पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करावयाचा असल्यास आधी कल्हई करून घ्यावी आणि आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात कधीही ठेवू नये. नवीन भांडे घ्यावयाचे तर हाताने मठारलेले घ्यावे, म्हणजे दिलेला पैसा कारागिराच्या घरी जाईल. सागवानी लाकडावर जाड चकचकीत थर चढविण्यापेक्षा त्यास अधूनमधून तेल द्यावे.

ज्यांचे गावाकडील घर अद्याप उभे आहे, त्यांस आमची विशेष विनंती आहे. भाऊबंदांच्या वाटण्या होतील, काही घरे विकली जातील. ते सर्वांस टळणारे नाही. परंतु घर उतरविण्यापूर्वी त्याची सर्व अंगांनी छायाचित्रे घ्यावीत, खोल्यांची मापे लिहून नकाशा काढावा आणि प्रत्येक वस्तूची यादी करावी. त्या यादीत वस्तूचे नाव, तिचा उपयोग, ती कोणी घडविली व घरात केव्हा आली, हे घरातील वृद्ध स्त्रियांस विचारून नोंदवावे. तळखडा, वैल, घुसळखांब, कणगी, काथवट हे शब्द त्यांच्या ओठांवर आहेत. आमच्या नातवंडांच्या ओठांवर ते नाहीत. वस्तू मोडीत गेली तर दुसरी मिळेल, शब्द गेला तर वस्तू समोर असूनही ती ओळखता येणार नाही. अशा याद्यांची एकेक प्रत ज्ञातिसंस्थेच्या दप्तरी ठेवल्यास दहा-वीस वर्षांत आपल्या घरांचा एक विश्वसनीय इतिहास तयार होईल. त्यास द्रव्य लागत नाही. सुट्टीचे चार दिवस आणि एक वही पुरे.

पूर्वजांनी घरे बांधली ती शोभेसाठी नव्हती. राहण्यासाठी बांधली, आणि ती नीटपणे बांधल्यामुळे शोभली. आपणही आपल्या लहानशा सदनिकेत जे ठेवू ते नीट जाणून, नीट वापरून ठेवावे, म्हणजे पुढील पिढीस त्यातूनही घराची कळा कळेल. वाचकांनी आपापल्या घरापासून ह्या कामास आरंभ करावा, इतकी प्रार्थना करून आम्ही वाचकांची रजा घेतो.